सरासरी सदुसष्ट दिवस

आमच्या सूतगिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे, हवा खेळती ठेवणारा एक मोठा पंखा आहे. कागदोपत्री त्याचं नाव 'रिटर्न एअर फॅन', पण खात्यात सगळे त्याला 'मागचा फॅन' म्हणतात. तो बंद पडला की दहा मिनिटांत खात्याला कळतं. हवा कोरडी पडते, उष्णता चढते, तंतू रोलरला चिकटून लॅपिंग व्हायला लागतं. एकामागून एक धागे तुटतात आणि ते सांधणाऱ्या सायडर बायका मान वर करून छताकडच्या हवेच्या झरोक्यांकडे बघायला लागतात. मी इथे मेंटेनन्सला आहे, त्यामुळे फोन मला येतो.

काही वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, हा पंखा दर थोड्या दिवसांनी बेअरिंग खायला लागला. शाफ्टच्या दोन टोकांना दोन प्लमर ब्लॉक, प्रत्येकात एक बेअरिंग. आज पुलीकडचं गेलं, महिनाभराने पलीकडचं. सहा महिने झाले की चालू स्थितीतलं बेअरिंगसुद्धा बदलायचं असा आमचा नियम होता आणि तो आम्ही नेमाने पाळत होतो. तरीही ब्रेकडाउन थांबेनात.

मी लॉगबुक काढून बसले. सुमारे सतरा महिन्यांत दोन्ही टोकांना मिळून दहा बेअरिंग बसवली होती. त्यातली सात गेली होती: ९६ तासांनी, ३१० तासांनी, मग ७६०, १,१९०, २,०५०, २,७६० आणि ४,१५०. उरलेली तीन सहा महिने म्हणजे ४,३०० तास नीट चालली आणि नियमाप्रमाणे काढली. मी सात आकड्यांची बेरीज केली, सातने भागलं. १,६१७ तास. म्हणजे सदुसष्ट दिवस.

बैठकीत मी तोच आकडा सांगितला. सरासरी आयुष्य सदुसष्ट दिवस, आणि आपण बदलतो एकशे ऐंशी दिवसांनी. मग काय, दर दोन महिन्यांनी बदला, असं ठरलं. हिशेब सरळ होता, सगळ्यांना पटला, मलाही पटला. बेअरिंगांची मागणीसुद्धा स्टोअरला गेली.

संध्याकाळी आमचे जुने फिटर काका वर्कशॉपमध्ये त्या तीन काढलेल्या बेअरिंगांपैकी एक हातात घेऊन फिरवत बसले होते. तेलात धुऊन लख्ख केलेलं. कानाशी नेलं, फिरवलं, परत फिरवलं. म्हणाले, "म्याडम, ह्ये अजून वर्षभर चाललं असतं की ओ. चालतंय त्याला कशापायी काढायचं?"

त्या रात्री मला झोप आली नाही. मी सात गेलेल्यांची सरासरी काढली होती. तीन न गेलेली कुठे गेली?

हा प्रश्न नीट विचारायला मला वायबुलचं वितरण, म्हणजे वस्तू किती काळ टिकतील याच्या शक्यतेचं गणिती सूत्र, उपयोगी पडलं. इंजिनिअरिंगला ते आम्हाला शिकवलं होतं, पण परीक्षेपुरतं. त्यात बीटा आणि ईटा अशी दोन अक्षरं होती, त्यांची किंमत काढायची आणि उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. त्या अक्षरांचा अर्थ मला लागला तो या पंख्याने.

सूत्र असं आहे. एखादी वस्तू 'क्ष' तासांनंतरही टिकून असण्याची शक्यता काढायची, तर क्षला ईटाने भागा, त्या भागाकाराचा बीटावा घात करा, आणि ई या संख्येचा (साधारण २.७१८) तेवढाच ऋण घात घ्या. ईटा ही आयुष्याची मोजपट्टी. बीटा काहीही असो, ईटाएवढे तास झाले की शंभरातल्या साधारण ६३ वस्तू गेलेल्या असतात. सगळी गोष्ट मात्र बीटात आहे. वय वाढलं की धोका वाढतो, तेवढाच राहतो की कमी होतो, ते बीटा सांगतो.

बीटा एकाहून जास्त असेल तर वस्तू झिजते. सूत कातताना रिंगवर धावणारा आमचा ट्रॅव्हलर घ्या. नखाएवढी पोलादी कडी, इंग्रजी सी अक्षरासारखी. ३८ मिलिमीटरच्या रिंगवर, स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेत असताना, ती सेकंदाला जवळजवळ ३६ मीटर वेगाने पळते. ती झिजणारच, आणि एका लॉटमधल्या सगळ्या साधारण एकाच सुमारास झिजणार. तिथे वेळापत्रक लावून बदलणं अगदी बरोबर.

बीटा बरोबर एक असेल तर वयाचा काही संबंध नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडली, व्होल्टेज उसळलं आणि ड्राइव्हचं कार्ड उडालं. कालच बसवलेलं कार्ड आणि पाच वर्षांचं कार्ड यांना धोका सारखाच. यालाच घातांकी वितरण म्हणतात. नवीन बसवून काही मिळत नाही.

आणि बीटा एकाहून कमी असेल तर? नवीन असतानाच धोका जास्त. जितकी टिकली तितकी पुढे टिकायची शक्यता वाढते.

मी कागद घेतला. वायबुलसाठी खास आलेख कागद मिळतो, एका अक्षावर लॉग आणि दुसऱ्यावर लॉगचाही लॉग. तो नव्हता, म्हणून मी साध्या आलेख कागदावर कॅल्क्युलेटरने किमती काढून ठिपके मांडले. बिघाड लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे. प्रत्येकाच्या क्रमांकातून ०.३ वजा करायचे आणि त्याला एकूण संख्या अधिक ०.४ ने भागायचं. ही 'एकूण संख्या' म्हणजे सात नव्हे, दहा. तीन न गेलेल्या बेअरिंगांचा स्वतःचा ठिपका पडत नाही, पण ती भागाकारात खाली बसतात आणि सगळे ठिपके आपल्या जागेवरून हलवतात. सात धरले असते तर शेवटचं बेअरिंग ९० टक्क्यांवर गेलं असतं. दहा धरल्यावर ते ६४ टक्क्यांवर आलं.

ठिपके जवळजवळ सरळ रेषेत पडले. रेषेचा चढ म्हणजे बीटा. तो आला साधारण ०.७. ईटा आला ४,००० तासांच्या आसपास.

मी परत परत तपासलं. सात ठिपक्यांवरून ०.७ आहे की ०.९, असं छातीठोक सांगता येत नाही. पण २ किंवा ३ नाही, एवढं नक्की. आमची बेअरिंग म्हातारी होऊन मरत नव्हती. बाळपणातच दगावत होती.

मग मी तो बैठकीतला दोन महिन्यांचा नियम या रेषेवर ठेवून पाहिला. नवं बेअरिंग पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे १,४४० तासांत, जाण्याची शक्यता निघाली ३९ टक्के. ज्याने दोन महिने काढले आहेत, त्याची पुढच्या दोन महिन्यांत जाण्याची शक्यता २६ टक्के. दर दोन महिन्यांनी आम्ही २६ टक्के धोक्याचं बेअरिंग काढून ३९ टक्के धोक्याचं बसवणार होतो, वर त्याचे पैसेही देणार होतो. या रेषेप्रमाणे खरी सरासरी येते ५,००० तासांच्या वर, माझ्या आकड्याच्या तिप्पट. माझ्या सदुसष्ट दिवसांत भागाकार चुकलेला नव्हता. टिकलेल्यांना मी मोजलंच नव्हतं.

हे सगळं लिहिताना मला माझे बाबा आठवतात. ते सोलापूरला गिरणीत सायडर होते. आयुष्यभर तुटलेली टोकं सांधली. मी लहान असताना दोऱ्याचा तुकडा माझ्या दोन हातांत देऊन ते म्हणायचे, ओढ. दोरा तुटला की विचारायचे, कुठे तुटला? मग स्वतःच सांगायचे, "जिथं बारीक, तिथं. लांब दोरा घेतलास तर लवकर तुटेल, कारण लांब दोऱ्यात बारीक जागा जास्त."

बाबांना हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण वायबुलच्या सूत्राचा पाया नेमका हाच आहे आणि तो कापसाच्या सुतावरच घातला गेला. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या पीअर्सने सुताच्या ताकदीवर लिहिताना सगळ्यांत कमजोर कडीचा विचार गणितात मांडला. दोन मीटर सूत टिकायचं तर पहिला मीटरही टिकला पाहिजे आणि दुसराही. म्हणजे टिकण्याच्या शक्यतांचा गुणाकार होतो. मीटर वाढवत न्या, गुणाकार लांबत जातो, टिकण्याची शक्यता घटत जाते आणि त्यातून घातांकाचं रूप आपोआप वर येतं. त्याच संस्थेतल्या टिपेटने १९२८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशरसोबत दाखवलं की अशा सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत मोठ्या किमतींची वितरणं शेवटी तीनच घराण्यांत जाऊन बसतात. त्यातलं एक म्हणजे आज आपण वायबुल म्हणतो ते. फ्रान्समध्ये फ्रेशेने १९२७ मध्ये त्या तीन घराण्यांतलं एक मांडलं होतं, आणि जर्मनीत रोझिन आणि रामलर यांनी १९३३ मध्ये, कोळशाच्या भुकटीचे कण मोजताना, हेच रूप वापरलं होतं.

मग नाव वायबुलचं का? मला वाटतं, त्याने ते कामाच्या माणसांच्या हातात दिलं म्हणून. वालोडी वायबुल स्वीडनचा. तरुणपणी नौदलात होता, पुढे एका समुद्र मोहिमेत स्फोट घडवून तळाच्या गाळाची जाडी मोजत असे. १९२४ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रशास्त्र संस्थेत प्राध्यापक झाला, १९३९ मध्ये पदार्थांच्या ताकदीवर हे वितरण लावलं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांच्या नियतकालिकात त्याचा लेख आला. त्यात त्याने सात उदाहरणं घेतली, त्यातली ही सहा. पोलादाची ताकद, पोलादाचं वारंवार ताणामुळे येणारं आयुष्य, उडत्या राखेचे कण, घेवड्याच्या दाण्यांची रुंदी, ब्रिटिश बेटांवरच्या पुरुषांची उंची. आणि भारतीय कापसाच्या तंतूंची ताकद.

हे वाचलं तेव्हा मी रिंग खात्याच्या मागच्या खोलीत होते. पलीकडे ब्लो रूममध्ये कापसाच्या गाठी फुटत होत्या. भारतीय कापूस. आमच्यासारख्याच कुठल्यातरी शेतातून निघालेला कापूस स्वीडनमधल्या माणसाच्या कागदावर जाऊन बसला आणि सत्तर वर्षांनी त्याच कागदाने माझ्या पंख्याचं दुखणं सांगितलं. बराच वेळ मी काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले.

या सूत्राला सैद्धांतिक आधार नाही असा आक्षेप घेतला गेला होता. वायबुलने त्या लेखातच स्पष्ट लिहिलं की पदार्थांच्या किंवा यंत्रभागांच्या बाबतीत तसा आधार मिळेल अशी आशाच करू नये. साधं रूप निवडा, निरीक्षणांशी जुळतं का पाहा, आणि त्याहून चांगलं सापडत नाही तोवर ते धरून ठेवा. मला हा माणूस फार आवडतो. १९७९ मध्ये तो गेला, ९२ वर्षांचा होऊन.

बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये जे आयुष्य छापलेलं असतं, तेही याच घरातलं. १९४७ मध्ये लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या स्वीडिश जोडीने वायबुलचाच आधार घेऊन बॉल बेअरिंगच्या थकव्याचं गणित मांडलं. कॅटलॉगमधलं 'एल दहा' म्हणजे सरासरी नव्हे. दहातली नऊ बेअरिंग जिथपर्यंत पोहोचतात ते आयुष्य. निम्मी बेअरिंग त्याच्या साधारण पाचपट टिकतात. खरेदी करणारे पुष्कळजण हा आकडा सरासरी समजतात. तसं कृपया करू नका.

आता मूळ मुद्दा. बीटा एकाहून कमी आला म्हणजे बेअरिंग वाईट असं नाही. आधी बसवण्याकडे बघायचं.

मी काकांना म्हटलं, पुढचं बसवाल तेव्हा मला बोलवा. बेअरिंग ॲडॅप्टर स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या एका नळीवर, बसतं. स्लीव्ह निमुळती असते. लॉकनट जसजसा आवळाल तसतसं बेअरिंग चढत जातं आणि आतली रिंग फुगते. रोलर आणि बाहेरच्या रिंगमधली मोकळी जागा कमी होत जाते. ती किती कमी करायची ते ठरलेलं असतं, शतांश मिलिमीटरमध्ये. फीलर गेजची पाती घालून मोजायची, नट थोडा फिरवायचा, परत मोजायची.

काकांनी बेअरिंग चढवलं, नट लावला, हुक स्पॅनर घातला आणि स्पॅनरवर हातोडी घातली. एक, दोन, तीन. चौथ्याला मी म्हटलं, थांबा. फीलर गेजचं सगळ्यांत पातळ पातं घेऊन मी वरच्या रोलरवर धरलं. गेलं नाही. पातं वाकलं. आत जागाच उरली नव्हती. पंखा सुरू झाला की बेअरिंग तापणार, तापलं की आतली रिंग आणखी फुगणार, आणि ज्याचं नशीब चांगलं ते टिकणार.

"घट्ट बसलं म्हंजे सुटत न्हाई," काका म्हणाले. त्यांना तसंच शिकवलं होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच तसं शिकवलेलं असतं. नट सुटून शाफ्ट खाल्ल्याचा प्रकार त्यांनी उमेदीच्या काळात पाहिला होता आणि त्या भीतीने ते प्रत्येक नटाला दोन घाव जास्त घालत आले होते. त्यांचा राग धरण्यासारखं काहीच नव्हतं.

आणखी दोन गोष्टी त्याच दिवशी दिसल्या. प्लमर ब्लॉक ग्रीसने काठोकाठ भरलेला होता. त्यातली रिकामी जागा तिसरा हिस्सा ते निम्मी भरायची असते, नाहीतर ग्रीस घुसळून घुसळून तापतं. दुसरं, बेअरिंग कागदातून काढून उघडंच ठेवलं होतं आणि त्याच्यावर बोंड फुटावं तशी रुई बसत होती. गिरणीत रुई सगळीकडेच. पापणीवरसुद्धा.

बैठकीत मी परत उभी राहिले. माझा आधीचा आकडा चुकीचा होता हे आधी सांगितलं, मग तो आलेख कागद टेबलावर पसरला. वेळापत्रकाने बदलणं थांबवा, बसवणं बदला, एवढंच मागणं. सोपं गेलं नाही. 'बदलत राहिलं की सुरक्षित' ही समजूत हाडात भिनलेली असते. तेव्हा मी विमानांचं उदाहरण दिलं. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानाच्या भागांचा अभ्यास छापला. वय झाल्यावर धोका वाढतो असे भाग त्यात फक्त ११ टक्के निघाले. ६८ टक्के भाग असे होते की सुरुवातीला धोका जास्त आणि नंतर तो कमी होऊन स्थिर राहतो. उघडून ओव्हरहॉल केलं की तो सुरुवातीचा धोका आपण स्वतःच परत ओढवून घेतो. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वरिष्ठ म्हणाले, एका पंख्यावर करून बघा.

एका पंख्यावर केलं. फीलर गेजचा नवा संच आणला, बसवताना झाकायला स्वच्छ कापड, ग्रीससाठी मोजून भरायचं माप. प्रत्येक बेअरिंगच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा लॉगबुकात लिहायची, खाली बसवणाऱ्याची सही. काकांनी पहिल्या दिवशी सही करताना पेन दोनदा पुसलं.

लॉगबुकात तेव्हा मी आणखी एक रकाना आखला. आधी फक्त गेलेल्याची तारीख असायची. आता चालू असलेल्या प्रत्येक बेअरिंगचे तास महिन्याच्या एक तारखेला भरतो आणि पुढे उजवीकडे जाणारा बाण काढतो. बाण म्हणजे अजून टिकून आहे, अजून त्याचं सांगून झालेलं नाही. जी तीन निरोगी बेअरिंग आम्ही काढून टाकली, त्यांच्यापुढेही मी मागे जाऊन बाण काढले.

मागच्या वर्षी पुलीकडचं बेअरिंग बदललं. महिनाभर आवाज वाढत होता, कंपनाचं मापही हळूहळू चढत होतं, म्हणून रविवारच्या सुट्टीत ठरवून काढलं. ब्रेकडाउन नाही, फोन नाही. काकांनी ते धुतलं आणि बाहेरची रिंग तिरकी वळवून मला आतली धाव, म्हणजे रोलर पळतात ती वाट, दाखवली. पोलादाचा एक पातळ खवला निघाला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. कडा स्वच्छ. जळाल्याचा निळसर डाग कुठेच नाही. असं मी पुस्तकातल्या फोटोत पाहिलं होतं. या पंख्यावर पहिल्यांदाच.

तास भरले, १७,२०० च्या वर. 'कारण' या रकान्यात काय लिहू, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला दिसतंय ते लिहा. त्यांनी लिहिलं, 'वय झाले.'

पलीकडच्या टोकाचं अजून चालू आहे. एक तारखेला त्याचे तास भरले, पुढे बाण काढला.